वही कोणाच्या हाती?

वस्तूचे मोल चुकते केले की ती वस्तू घेणाऱ्याची झाली, हा व्यवहारातला जुना नियम आता ढिला पडू लागला आहे. संगणकावर चालणारी साधने बनविणाऱ्या कंपन्यांना आपला माल विकण्यापेक्षा तो दरमहाच्या अथवा दरसालच्या वर्गणीवर वापरावयास देणे अधिक लाभाचे वाटते. चित्रे आणि छपाई यांची कामे ज्या साधनांवर जगभर चालतात, ती बनविणाऱ्या अडोबी कंपनीने २०१३ साली नव्या आवृत्त्यांची एकरकमी विक्री आवरती घेतली आणि वर्गणीची वाट धरली. इतरांनीही कमीअधिक प्रमाणात तोच कित्ता गिरविला. २०२२ साली बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीने काही देशांत आसन उबदार करण्याच्या सोयीवर मासिक आकार बसविला. यंत्रणा मोटारीत आधीपासूनच बसविलेली, पण ती चालू करण्याची किल्ली मात्र कंपनीच्या हाती! लोकांनी नापसंती दाखविल्यावर पुढल्या वर्षी हा बेत मागे घेण्यात आला.

नेवासे तालुक्यातील सोनईसारख्या गावाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. शाळेचे निकाल, पतसंस्थेची खाती, दुकानदाराचा हिशेब हे सारे संगणकात गेले आहे. शेजारच्या शनिशिंगणापुरात घरांना कुलपे न लावण्याची परंपरा आहे. परंतु कुलूप दिसत नाही एवढ्यावरून बंधन नाही असे मात्र म्हणता येत नाही. दहा वर्षांची कागदपत्रे एकाच कंपनीच्या साच्यात साठली, की वर्गणी वाढली तरी गिऱ्हाईक उठून जाऊ शकत नाही. जाण्याचा खर्च राहण्याच्या खर्चाहून मोठा होतो, आणि नेमक्या त्याच जागी गिऱ्हाइकाचे कूळ होते.

गिऱ्हाइकाचे कूळ कसे होते आणि कुळाचा मालक कसा होऊ शकतो, हे याच जिल्ह्याने शंभर वर्षांपूर्वी पाहिले आहे. तेव्हा प्रश्न संगणकाचा नव्हता. कर्जाचा, गुळाचा आणि उसाचा होता. त्याला उत्तर शोधणाऱ्यांत अग्रभागी असलेले विठ्ठलराव एकनाथराव विखे पाटील यांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगे आहे.

एकोणिसावे शतक विसाव्याला जागा करून देत होते, त्या सुमारास प्रवरेच्या खोऱ्यातील लोणी या गावी एका शेतकरी कुटुंबात नारळी पौर्णिमेला विठ्ठलरावांचा जन्म झाला. शाळेशी त्यांचा संबंध प्राथमिक इयत्तांपुरताच आला. त्यांचे खरे शिक्षण झाले ते गावच्या व्यवहारात. आणि त्या व्यवहाराचे केंद्र होते सावकाराची वही.

त्या वहीचे सामर्थ्य नुसत्या व्याजाच्या दरात नव्हते. पेरणीच्या वेळी उचल देणारा, घरखर्चाचा माल उधारीवर देणारा आणि सुगीनंतर धान्य किंवा गूळ घेणारा माणूस पुष्कळदा एकच असे, किंवा एकमेकांच्या संगनमताने वागणारे दोघे असत. मालाचा भाव तोच ठरवी, व्याज तोच आकारी आणि बाकी तोच काढी. शेतकऱ्याला दुसऱ्या दुकानी जाण्याची मनाई कोणत्याही कायद्याने केलेली नव्हती. परंतु आधीची बाकी फेडल्यावाचून तो जाणार कोठे? आणि बाकी किती, हे सांगणारी वहीच मुळी दुसऱ्याच्या हाती होती.

या वहीवर शेतकऱ्याने एकदा थेट हल्लाही करून पाहिला होता. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उठाव झाला व तो पुढे नगर जिल्ह्यातही पसरला. त्या उठावात मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नव्हता. त्यांच्या दप्तरावर होता. खते आणि रोखे जाळण्यात आले. सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. तरीही मूळ दुखणे कायमच राहिले. जुनी वही जळाली, पण पुढल्या हंगामाचे बियाणे घेण्यास पैसा लागणारच होता, आणि तो देणारा दुसरा कोणी उभा राहिलेला नव्हता. बंधन तोडणे ही एक गोष्ट आहे आणि बंधनाची गरज संपविणे ही वेगळी.

विठ्ठलरावांचे मोठेपण असे की, हा भेद त्यांनी तरुणपणीच ओळखला. १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झालेला होता. पण कायदा सरकारी पुस्तकात असणे आणि तो गावच्या चावडीवर उतरणे यांत फार अंतर असते. १९२३ साली लोणी बुद्रुक येथे त्यांच्या पुढाकाराने सहकारी पतपेढी उभी राहिली. भांडवल तुटपुंजे, सभासद मूठभर आणि गावात संशय भरपूर, असाच अशा संस्थांचा आरंभ असे. परंतु एक मूलभूत फरक घडला होता. आता वही गावाची होती. ती उघडून पाहण्याचा, तिच्यातील आकडा विचारण्याचा आणि ती लिहिणाऱ्याला पायउतार करण्याचा अधिकार सभासदाला होता.

याच काळात जिल्ह्याचे रूप पालटत होते. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, प्रवरेचे पाटपाणी खाली उतरले आणि कोरडवाहू शिवारात ऊस उभा राहिला. पाण्यामागोमाग खासगी साखर कंपन्या आल्या. हरेगावची बेलापूर कंपनी हे त्यांतील ठळक नाव. या कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर खंडाने घेतल्या. जमीन शेतकऱ्याच्या नावावर, पीक कंपनीचे, आणि दरसाल हाती पडणारा खंड हीच मालकीची खूण! त्या वेळी हा सौदा अनेकांना सोयीचा वाटला असेल. जमीन कसण्याची दगदग नको आणि ठरलेली रक्कम घरबसल्या. पुढे १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने कंपन्यांकडील जमिनी सरकारकडे गेल्या, १९६३ साली स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाच्या ताब्यात आल्या, आणि मूळच्या खंडकरी कुटुंबांना त्या परत मिळू लागेपर्यंत एकविसाव्या शतकाचे पहिले दशकही उलटून गेले. वापर एकदा दुसऱ्याच्या हाती गेला की कागदावरच्या मालकीची काय दशा होते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण शोधावयास दूर जाण्याची गरज नाही.

जे स्वतः ऊस पिकवीत, त्यांची स्थितीही फारशी बरी नव्हती. ऊस हे पीकच शेतकऱ्याला जखडणारे आहे. धान्य कणगीत थांबते. तोडलेला ऊस थांबत नाही. त्याचे वजन अफाट, तो दूर नेणे परवडत नाही, आणि दिवस जाईल तसतसा त्यातील साखरेचा उतारा घटत जातो. म्हणजे गाळणारा जवळ असावा लागतो; आणि जवळ एकच गाळणारा असला तर भाव त्याचाच. गूळ करावा तर तोही अडत्याच्या उचलीत अडकलेला. साखरेचा नफा एकीकडे आणि उसाचा घाम दुसरीकडे, अशी ही विभागणी होती.

१९४५ सालच्या डिसेंबरात दख्खनच्या कालव्यांवरील बागायतदारांची परिषद श्रीरामपूर येथे भरली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धुरीण धनंजयराव गाडगीळ तिचे अध्यक्ष होते. शेतकऱ्यांनी स्वतःच्या मालकीचा साखर कारखाना काढावा, या विचाराला तेथून जोर चढला. विठ्ठलरावांनी तो विचार उचलला आणि गावोगाव नेला. आजच्या वाचकाला यातील धाडसाची कल्पना येणे कठीण आहे. ज्यांच्या डोक्यावर कर्ज होते त्यांच्याकडूनच भागभांडवल मागावयाचे होते. ज्यांनी कारखाना दुरूनच पाहिला होता त्यांनाच त्याचे मालक व्हा म्हणून सांगावयाचे होते. विठ्ठलराव खेड्यांतून हिंडले, शेतकऱ्यांच्या बैठकी घेतल्या, शेअर गोळा केले. मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता यांची सहानुभूती या प्रयत्नाच्या पाठीशी होती व सरकारचा हातभारही लागला. १९५० साली प्रवरा सहकारी साखर कारखान्याच्या चिमणीतून धूर निघाला. गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले. अर्थशास्त्राचा पंडित आणि अल्पशिक्षित शेतकरी यांची ही जोडी महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासात एकमेवच म्हणावी लागेल.

या घटनेचे मर्म साखरेत नाही. विठ्ठलरावांनी कंपन्यांकडे उसाला चार पैसे जादा मागितले असते, तर ते एक चळवळे पुढारी ठरले असते. त्यांनी गाळपाचे यंत्रच मागितले. ऊस पूर्वीप्रमाणेच जवळच्या एका कारखान्याला बांधलेला राहिला, पण तो कारखाना आता ऊसवाल्याचा होता. पिकाच्या स्वभावामुळे बंधन टळत नसेल, तर बंधनाचे दुसरे टोक आपल्या हाती असावे, हा त्यांचा साधा आणि खोल विचार होता. १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे प्रवरानगरच्या परिसरात शाळा, महाविद्यालये, रुग्णालय उभे राहिले. प्रवरेचा धडा जिल्ह्याने आणि राज्याने गिरविला. सोनईचा मुळा सहकारी साखर कारखाना हाही त्याच मालिकेतला. २७ एप्रिल १९८० रोजी विठ्ठलरावांचे देहावसान झाले, तेव्हा सहकारी साखर कारखाना ही ग्रामीण महाराष्ट्राची ओळखच होऊन बसली होती.

या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे मात्र त्यांच्या कार्याला न्याय देणारे होणार नाही. सहकारी कारखान्याच्या पोटनियमांनी सभासदावर आपल्याच कारखान्याला ऊस घालण्याचे बंधन घातले. १९८४ सालच्या सरकारी आदेशाने कारखान्यांची क्षेत्रे आखून दिली आणि झोनबंदी आली; आपला ऊस अधिक भाव देणाऱ्याकडे नेण्याची शेतकऱ्याची वाट तिने अडविली. ती उठविण्यासाठी शेतकऱ्यांना झगडावे लागले. मालकीने सुटलेली गाठ पुन्हा बसू शकते, असा याचा अर्थ. सभासद वार्षिक सभेला जाईनासा झाला, अहवाल न वाचता हात वर करू लागला, की गावाची वही पुन्हा कोणा एकाच्या काखेत जाते. एक सभासद, एक मत हे तत्त्व आपोआप चालणारे यंत्र नव्हे. ते रोज चालवावे लागते.

आजच्या वर्गणीच्या अर्थव्यवहाराकडे या अनुभवाच्या उजेडात पाहिले पाहिजे. वर्गणी म्हणजे लूट, असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. लहान व्यावसायिकाला एरव्ही न झेपणारे साधन थोड्या रकमेत मिळते आणि दुरुस्त्या वेळच्या वेळी होतात. सावकाराच्या उचलीनेही वेळेवर पेरणी होत असे, हे विसरता कामा नये. ही पद्धत नवीही नाही. आयबीएम कंपनी आपली गणनयंत्रे दीर्घकाळ भाड्यानेच देत असे, आणि १९७८ साली ती भारतातून गेली तेव्हा तिच्या यंत्रांची देखभाल सरकारी मालकीच्या सीएमसी या संस्थेला अंगावर घ्यावी लागली. प्रश्न पैसे दरमहा द्यावे की एकदम, हा नाहीच. प्रश्न असा की, उद्या उठून जावेसे वाटले तर स्वतःची वही बरोबर नेता येईल काय?

तशी सोय करता येते, याचे दाखले आहेत. २०११ साली भारतभर मोबाइल क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची मुभा मिळाली. क्रमांक कंपनीचा नसून वापरणाऱ्याचा आहे, एवढेच सरकारने ठरविले, आणि ग्राहकाला धरून ठेवण्यासाठी त्याला सेवेने राजी राखणे कंपन्यांना भाग पडले. युरोपीय संघाचा माहितीविषयक कायदा सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला असून, ग्राहकाने आपली माहिती एका कंपनीकडून दुसरीकडे नेताना येणारे अडथळे दूर करण्याची जबाबदारी त्याने कंपन्यांवर टाकली आहे. केरळने तर सरकारी शाळांतून मुक्त संगणकप्रणाली रुजविली. तिला वर्गणी नाही, आणि तिच्यात फेरबदल करण्याचा अधिकार वापरणाऱ्याकडेच राहतो. ही वाट प्रवरेच्या वाटेशी नाते सांगणारी आहे.

ज्या जिल्ह्यात शेतकऱ्यांनी शेअर गोळा करून साखरेचा कारखाना काढला, तेथील पतसंस्थांनी, शिक्षणसंस्थांनी आणि कारखान्यांनी एकत्र येऊन हिशेबाची व निकालाची समाईक प्रणाली करवून घेणे अशक्य कोटीतील नाही. तेवढे होईपर्यंत निदान एक पथ्य प्रत्येक कार्यालयाला पाळता येईल. करारावर सही करण्यापूर्वी मुख्याध्यापकाने आणि व्यवस्थापकाने तीन गोष्टी लेखी मागाव्यात: वर्गणी थांबली तर जुनी कागदपत्रे उघडतील काय, ती कोणत्याही दुसऱ्या प्रणालीत वाचता येतील अशा स्वरूपात मिळतील काय, आणि त्यासाठी किती आकार पडेल. उत्तर गुळमुळीत मिळाले, तर तो सौदा स्वस्त असला तरी महागात पडणार, हे ओळखावे. लोणीच्या अल्पशिक्षित शेतकऱ्याला १९२३ साली जे उमगले, ते पदव्या घेतलेल्या पिढीला उमगू नये, असे समजण्याचे कारण नाही.