राजा राममोहन राय आणि श्रीरामपूरचा वाद

हुगळी जिल्ह्यातील राधानगर येथे एका ब्राह्मण कुलात राममोहन राय यांचा जन्म १७७२ साली झाला. फारसी, अरबी व संस्कृत या भाषांचे अध्ययन करून आणि कंपनी सरकारच्या चाकरीत रंगपूर येथे काही वर्षे काढून ते कलकत्त्यास स्थायिक झाले. १८१५ साली त्यांनी आत्मीय सभा स्थापन केली आणि वेदान्तावर बंगालीत ग्रंथ लिहिला. पुढे ईश, केन, कठ व मुंडक या उपनिषदांची भाषांतरेही केली. मूर्तिपूजेस त्यांचा विरोध होता. हे मत पुष्कळ आस्तिकांस आजही मान्य होणार नाही. परंतु ज्या कसोटीवर त्यांनी स्वजनांना घासले, तीच परक्यांनाही लावली, हे विसरता येत नाही.

१८२० साली त्यांनी चार शुभवर्तमानांतून येशूची नीतिवचने निवडून एक पुस्तक छापविले. चमत्कार व मतसिद्धान्त त्यांनी वगळले होते. येशूविषयी एवढा आदर दाखविणारे पुस्तक पाहून मिशनरी प्रसन्न व्हावयाचे. ते संतप्त झाले. श्रीरामपूरचे विद्वान पाद्री जोशुआ मार्शमन यांनी कठोर टीका केली. नीती पुरेशी नाही. येशू हा साक्षात् ईश्वर आहे आणि त्याच्या बलिदानानेच पाप फिटते, हे मानल्यावाचून तरणोपाय नाही, असा त्यांचा पक्ष होता.

राममोहनांनी उत्तरासाठी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि १८२० ते १८२३ या काळात तीन प्रत्युत्तरे लिहिली. येशू व पिता एक आहेत या वचनावरून मार्शमन ईश्वरत्व सिद्ध करीत. राममोहनांनी त्याच ग्रंथातील दुसरे स्थळ दाखविले. तेथे आपले शिष्यही तसेच एक व्हावेत, अशी प्रार्थना येशू करतो. मग ते शिष्यही ईश्वर ठरतील काय? ऐक्य हे संकल्पाचे, स्वरूपाचे नव्हे, एवढाच अर्थ उरतो. एकाच्या अपराधासाठी निरपराध्यास देहदंड देणे मनुष्यांच्या न्यायातही बसत नाही, मग परमन्यायी ईश्वराच्या न्यायात कसे बसावे, हाही त्यांचा आक्षेप होता. तिसरे उत्तर छापण्यास मिशनच्या छापखान्याने नकार दिला, तेव्हा त्यांनी स्वतःचा छापखाना उभारला.

याच सुमारास विल्यम ॲडम हा मिशनरी त्यांच्यासह शुभवर्तमानाचे बंगालीत भाषांतर करीत होता. सर्व सृष्टी शब्दाने केली की शब्दाच्या द्वारे झाली, असा एका ग्रीक अव्ययावर वाद पडला. कर्तरि तृतीया की करणे तृतीया, हा भेद आमच्या वैयाकरणांस नवा नाही. पण करण मानले तर येशू कर्ता राहत नाही. ॲडमला हे पटले, आणि १८२१ साली त्याने त्रैक्याचा सिद्धान्त सोडला. बाटवावयास आलेलाच बाटला, म्हणून त्याच्या बांधवांनी त्याची पुष्कळ थट्टा केली.

१८२३ साली टायटलर नामक डॉक्टराशी त्यांचा वाद झाला. तेव्हा राममोहनांनी रामदास या नावाने, श्रद्धाळू हिंदूची भूमिका घेऊन, एक चतुर पत्र लिहिले. तुम्हीही अवतार मानता, आम्हीही मानतो. तर निराकारवाद्यांविरुद्ध आपण हातमिळवणी करू, असा त्यात प्रस्ताव होता. डॉक्टर चिडले, परंतु ख्रिस्ताचा अवतार युक्त आणि रामकृष्णांचा अयुक्त का, याचे कारण त्यांना देता आले नाही. चमत्कार व परंपरा यांची जी साक्ष एका पक्षाची, तीच दुसऱ्याचीही होती.

एकदा बिशप मिडलटन यांनी धर्मान्तर केल्यास केवढी कीर्ती लाभेल हे त्यांना सुचविले. राममोहनांच्या मनाला हे इतके लागले की ते पुन्हा त्यांच्या घरी गेले नाहीत.

सतीच्या चालीविरुद्ध लिहिताना त्यांनी गीतेचाच आधार घेतला. स्वर्गाच्या इच्छेने केलेले सहगमन हे काम्य कर्म, आणि काम्य कर्मास गीता कनिष्ठ मानते, असा त्यांचा युक्तिवाद होता. १८२९ च्या डिसेंबरात ती चाल कायद्याने बंद झाली.

पुढे दिल्लीच्या बादशहाकडून राजा ही पदवी घेऊन ते विलायतेस गेले आणि २७ सप्टेंबर १८३३ रोजी ब्रिस्टल येथे निवर्तले. त्या वेळी त्यांच्या अंगावर यज्ञोपवीत होते.