औषध पिकाला की मातीला?

जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जा, कीटकनाशकाला कीटकनाशक म्हणणारा माणूस क्वचितच भेटेल. सगळे त्याला ‘औषध’ म्हणतात. कपाशीवर मावा आला, मारा औषध. बोंडअळी दिसली, मारा औषध. पण मित्रांनो, इथे आजारी नक्की कोण आहे? शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न एका इंग्रज शास्त्रज्ञाला पडला आणि त्याचं उत्तर शोधण्यात त्यांनी भारतात पंचवीस वर्षं घालवली. त्यांचं नाव सर अल्बर्ट हॉवर्ड. सेंद्रिय शेतीच्या जनकांमध्ये जगभर त्यांची गणना होते.

हॉवर्ड यांचा जन्म १८७३ साली इंग्लंडमधल्या श्रॉपशायरमध्ये एका शेतकऱ्याच्या घरी झाला. केंब्रिजला शिकून १८९९ मध्ये ते वेस्ट इंडीजला बुरशीतज्ज्ञ म्हणून गेले. उसावरच्या आणि कोकोवरच्या रोगांचा अभ्यास हे त्यांचं काम. लॅब होती, मायक्रोस्कोप होता, पण स्वतःचं शेत नव्हतं. म्हणजे लोकांना सांगितलेला उपाय स्वतः करून बघायची सोयच नाही! थिअरीत डिस्टिंक्शन आणि वर्कशॉपमध्ये हातात फाइल धरता येत नाही, तसलाच हा प्रकार. हॉवर्ड यांना ते फार खटकलं.

१९०५ साली ते भारतात आले. बिहारमधल्या पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेत त्यांना नोकरी मिळाली आणि ७५ एकर जमीनही. तिथे त्यांनी एक गोष्ट पाहिली. आजूबाजूच्या साध्या शेतकऱ्यांच्या पिकांवर रोग-कीड फारच कमी होती, आणि ते कसलीही फवारणी करत नव्हते. साहेब असूनही त्यांनी त्या शेतकऱ्यांना गुरू मानलं. दुसरा गुरू म्हणजे खुद्द कीड! कीड आली की ती मारायच्या आधी ते विचारायचे, मातीत काय बिघडलं, पिकाचा वाण चुकला की पाणी जास्त झालं? त्यांच्या दृष्टीने कीड म्हणजे धोक्याचा लाल दिवा होता. दिवा फोडून बिघाड दुरुस्त होत नाही, हे इंजिनिअरला वेगळं सांगायला नको.

त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. दोघांनी मिळून गव्हाचे ‘पुसा’ वाण तयार केले आणि ते खूप गाजले.

१९२४ मध्ये हॉवर्ड यांनी होळकरांच्या इंदूरमध्ये नवी संस्था उभी केली. ३०० एकर जमीन, काळी माती आणि मुख्य पीक कापूस, म्हणजे थेट आपल्यासारखंच. शेणाच्या गोवऱ्या होऊन चुलीत जात होत्या, मग मातीला द्यायचं काय? यावर त्यांनी यशवंत वाड या सहकाऱ्याबरोबर ‘इंदूर पद्धत’ बसवली. काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे, ओलावा राखायचा, हवा खेळावी म्हणून ढीग तीनदा उलटायचा. आतलं तापमान चांगलं चढतं आणि साधारण तीन महिन्यांत खत तयार. कपाशीच्या पऱ्हाट्या टणक, लवकर कुजत नाहीत. त्यावरचा उपाय तर अगदी देशी. पऱ्हाट्या शेतातल्या रस्त्यावर पसरायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा आपोआप चुरा होतो. मशीनचा खर्च शून्य!

१९३० मध्ये गॅब्रिएल गेल्या. १९३१ साली हॉवर्ड आणि वाड यांचं या पद्धतीवरचं पुस्तक निघालं आणि त्याच वर्षी हॉवर्ड इंग्लंडला परतले. १९३४ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. मात्र निरोगी मातीतल्या पिकाला कीड लागत नाही, हे त्यांचं म्हणणं अनेक शास्त्रज्ञांनी मान्य केलं नाही. १९४७ साली त्यांचं निधन झालं, तेव्हा डीडीटीचा जमाना नुकताच सुरू होत होता.

हॉवर्ड यांचं सगळंच बरोबर होतं असं मलाही वाटत नाही. नुसतं कंपोस्ट टाकून गुलाबी बोंडअळी जाणार नाही. पण पंपाने तरी ती कुठे गेली? २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. ते बियाणं आणणारी महिको कंपनी आपल्या जालन्याचीच. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक त्यात होतं. सुरुवातीला फवारण्या घटल्या, पण पुढे गुलाबी बोंडअळी त्यालाही पचवायला शिकली आणि पंप पुन्हा खांद्यावर आले. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. आपण ज्याला औषध म्हणतो, ते हे.

आज कामगंध सापळे, निंबोळी अर्क, ट्रायकोग्रामा कार्ड असे उपाय आहेत. हंगाम वेळेवर संपवून पऱ्हाट्या शेताबाहेर काढा, असंही सांगितलं जातं, कारण त्यावरच्या बोंडांत अळी दडून राहते. त्या काढलेल्या पऱ्हाट्या बहुतेक ठिकाणी जाळल्या जातात. हॉवर्ड आणि वाड यांनी त्यांचं काय करायचं, ते नव्वद वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय. सुट्टीत घरी गेल्यावर आपल्या शेतात निदान एक खड्डा तरी करून बघायला काय हरकत आहे?