औट्रम घाटातला साहेब

पुतण्याची मुलगी गेल्या वर्षी रवांडातल्या जंगलात गोरिला पाहून आली. दिवाळीत आमच्या भडगावच्या घरी फोटोंचा कार्यक्रम झाला. चिखल तुडवत डोंगर चढायचा, कळप दिसला की तासभर थांबायचे आणि त्यासाठी माणशी १,५०० डॉलर मोजायचे! माझ्यातल्या निवृत्त बँक अधिकाऱ्याने लगेच रुपयांचा हिशेब मांडला. मन मात्र गेले खानदेशात पायपीट केलेल्या एका साहेबाकडे. चाळीसगावहून कन्नडला जाताना लागणारा घाट ज्याच्या नावाने ओळखला जातो, तो जेम्स औट्रम.

जन्म १८०३ चा, इंग्लंडातल्या डर्बीशायरचा. दोन वर्षांचा असतानाच वडील वारले, घरची ओढाताण झाली. १८१९ साली हा पोरगा कंपनीच्या फौजेत भरती होऊन मुंबईला आला आणि बाविसाव्या वर्षी खानदेशात दाखल झाला. पेशवाई बुडून सात वर्षे झाली होती. सातपुडा आणि सातमाळ्यातले भिल्ल कंपनीला जुमानत नव्हते. औट्रमनेही आधी बंदूकच चालवली. मग मात्र त्याने पकडलेल्या भिल्लांच्या नातेवाइकांना मध्यस्थ केले आणि पहारा न घेता एकटा त्यांच्या जंगलात जाऊन राहिला. दारू पाजली, बरोबरीने शिकार केली. प्रथम जेमतेम पाच जण तयार झाले. गोळा करून मारून टाकतील, ही धास्ती होतीच. त्या पाचांतून धरणगावची भिल्ल पलटण उभी राहिली.

रीत भली, पण काम सरकारचे. भिल्लांकरवीच भिल्लांचा बंदोबस्त झाला, हे विसरून चालायचे नाही.

आणि वाघ! भिल्लांनी पागोटी एकमेकांना बांधून साहेबाला झाडावरून लोंबकळत ठेवले नि त्याने तशीच गोळी झाडली, अशी हकिगत त्याच्या चरित्रात आहे. १८२५ ते १८३४ या दहा वर्षांत त्याच्या डोळ्यांदेखत १९१ वाघ मारले गेले. तेव्हा त्याला शौर्य म्हणत.

पुढे अफगाणिस्तान, सिंध, १८५७ चे लखनौ. सिंध घशात घालणे त्याला पटले नव्हते. लुटीतला स्वतःचा वाटा त्याने धर्मादाय देऊन टाकला. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला ही नोंद फार मोलाची वाटते. १८६३ साली तो फ्रान्समध्ये वारला.

१९८६ साली गौताळा औट्रमघाट अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा तिथला वाघ केव्हाच संपला होता. नाव मात्र वाघ मारणाऱ्याचे! मार्च २०२१ मध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वरहून चालत आलेला एक वाघ तिथल्या कॅमेऱ्यात दिसला. पुढच्या हिवाळ्यात मी पाटणादेवीला गेलो. सोबत आमच्या शाखेचा जुना खातेदार होता. भिल्ल समाजातला, शेळ्यांचे कर्ज वेळेवर फेडणारा. औट्रम म्हणजे त्याच्या लेखी नुसता घाट. तो पुढे, मी धापा टाकत मागे. वानरे खेकसली की तो थांबे, मला हाताने खाली बसवी.

वाघ दिसला नाही. ओढ्याच्या ओल्या वाळूत एक पाऊल होते. मी हरखलो. त्याने वाकून पाहिले, मान हलवली. बिबट्याचे होते. चष्मा पुसून मी पुन्हा खाली वाकलो.