सर हॉवर्ड ग्रब : दुर्बिणीला नेम देणारा कारागीर

गच्चीवर प्रथमच दुर्बीण मांडणाऱ्याचा पहिला भ्रमनिरास बहुधा ठरलेला असतो. शनी नुसत्या डोळ्यांना लख्ख दिसत असतो, पण दुर्बिणीत काही केल्या सापडत नाही. दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रात आकाशाचा जेमतेम एखादा अंश मावतो, हे त्याचे कारण. ही शोधाशोध टाळण्यासाठी आज अनेक दुर्बिणींच्या पाठीवर काचेचा एक लहान तुकडा बसवलेला असतो. त्यातून पाहिले की आकाशावर एक लाल ठिपका तरंगताना दिसतो आणि तो ठिपका ग्रहावर आणला की ग्रह दुर्बिणीत हजर होतो. या साधनामागची कल्पना शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची असून ती डब्लिनच्या सर हॉवर्ड ग्रब यांची आहे.

हॉवर्ड यांचा जन्म २८ जुलै १८४४ रोजी डब्लिन येथे झाला. वडील टॉमस ग्रब बँक ऑफ आयर्लंडचे अभियंता होते. नोटा छापण्याची यंत्रे हा त्यांचा पेशा आणि दुर्बिणी हा ध्यास. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न वेधशाळेसाठी ४८ इंची आरशाची प्रचंड दुर्बीण घडवण्याचे काम टॉमस यांच्याकडे आले, तेव्हा ट्रिनिटी कॉलेजात स्थापत्य अभियांत्रिकी शिकणाऱ्या हॉवर्ड यांनी शिक्षण अर्धवट सोडले आणि ते वडिलांच्या मदतीला आले. पूर्ण झाली तेव्हा सर्व दिशांना वळवता येणाऱ्या दुर्बिणींत ती जगातील सर्वांत मोठी होती.

१८६९ मध्ये ती मेलबर्नला उभी राहिली आणि तक्रारींना प्रारंभ झाला. आरसा तांबे व कथील यांच्या मिश्रधातूचा होता. सागरी प्रवासात त्याला जपण्यासाठी लावलेला लाखेचा लेप काढताना त्याची झिलई बिघडली. नव्याने झिलई करण्याचे कसब अंगी असलेला माणूस तेथे नव्हता. अशा दुर्बिणीवर छत हवे तेवढे नव्हते आणि वाऱ्याने तिची नळी हलत असे, हीही रड होतीच. दोष कारागिराचा की वापरणाऱ्यांचा, हा वाद दीर्घकाळ चालला. परंतु बोल लागला तो ग्रब घराण्याच्या नावाला. तिशीही न गाठलेल्या हॉवर्ड यांच्या हाती कारखाना आला तो हा डाग घेऊनच.

तो त्यांनी पुसला व्हिएन्नाच्या दुर्बिणीने. २७ इंच व्यासाच्या भिंगाची ही दुर्बीण पूर्ण झाली, त्या वेळी भिंगाच्या दुर्बिणींत ती जगातील सर्वांत मोठी होती. १८८७ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. ग्रिनिचची २८ इंची दुर्बीण त्यांचीच. साऱ्या आकाशाचे छायाचित्रण करण्याच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमासाठी लागलेल्या अनेक दुर्बिणीही डब्लिनच्या रॅथमाइन्स भागातील त्यांच्या कारखान्यातून गेल्या. पुणेकरांनाही त्यांचे नाव परके असू नये. सायन्स कॉलेजातील प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभारलेल्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेतील २० इंची दुर्बीण ग्रब यांच्या कारखान्याची होती. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

मात्र ठिपक्याची कल्पना त्यांना दुर्बिणीसाठी सुचली नाही, ती सुचली बंदुकीसाठी. नेम धरताना मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि दूरचे लक्ष्य या तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात. त्या तीन वेगवेगळ्या अंतरांवर असल्याने डोळ्याला एका वेळी तिन्ही स्पष्ट दिसणे शक्यच नसते. ग्रब यांनी एक उजळ खूण भिंगाच्या नाभीवर ठेवली. त्यामुळे तिचे किरण समांतर होऊन बाहेर पडतात. ते तिरप्या काचेवरून डोळ्याकडे परावर्तित केले की खूण जणू अनंत अंतरावर, थेट लक्ष्याजवळच असल्याचा भास होतो. डोके थोडे इकडेतिकडे झाले तरी नेम ढळत नाही. १९०० मध्ये त्यांनी याचे पेटंट घेतले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनांनी ही युक्ती लढाऊ विमानांवर बसवली आणि दुसऱ्या महायुद्धात ती सर्वांचीच झाली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील स्टीव्ह कुफेल्ड यांनी तीच 'टेलरॅड' या नावाने हौशी आकाशनिरीक्षकांच्या हाती दिली. त्यात ठिपक्याऐवजी अर्धा, दोन आणि चार अंशांची लाल वर्तुळे दिसतात. चंद्रबिंब अर्ध्या अंशाचे असते, म्हणजे अंतर मोजण्याची पट्टीच डोळ्यांसमोर येते. स्वस्तातल्या फाइंडरमध्ये भिंगाचे काम वाकलेली काच करते, इतकाच फरक.

हे साधन घेऊ इच्छिणाऱ्या शहरी वाचकाने एक ध्यानात ठेवावे. ठिपका काहीही मोठे करून दाखवत नाही. जो तारा डोळ्यांना दिसतो तोच त्यात दिसतो. दादरच्या गच्चीवरून चंद्र आणि तेजस्वी ग्रह शोधण्यापुरता तो उत्तम, पण देवयानीतील दीर्घिका हवी असेल तर तेथे ५० मिलिमीटर भिंगाची छोटी शोधक दुर्बीणच बरी. सह्याद्रीतील काळ्याभोर आकाशाखाली जाणाऱ्याने वर्तुळांचा फाइंडर खुशाल घ्यावा. तो आकाराने मोठा असल्याने लहान दुर्बिणीवर मात्र जड होतो. ठिपका पुरेसा मंद करता येतो की नाही, हे विकत घेण्यापूर्वी अंधाऱ्या खोलीत पाहावे. भडक ठिपका अंधुक ताऱ्याला गिळून टाकतो. आणि निजण्यापूर्वी दिवा बंद करावा, नाहीतर पुढच्या खेपेस बॅटरी संपलेली असते.

ग्रब यांची उत्तरायुष्यातील कमाई आकाशाकडे नव्हे, समुद्राच्या पृष्ठभागाकडे पाहणाऱ्या नळ्यांवर होती. ब्रिटिश आरमाराने १९०१ मध्ये पहिली पाणबुडी पाण्यात सोडली, तेव्हापासून पेरिस्कोप हा त्यांचा मोठा व्यवसाय झाला. महायुद्धात आयर्लंडमधील अशांततेमुळे सरकारने कारखाना इंग्लंडमधील सेंट ऑल्बन्स येथे हलवायला लावला. युद्ध संपले, मागणी आटली आणि वयाच्या ऐंशीच्या घरात त्यांचा उद्योग डबघाईला आला. १९२५ मध्ये सर चार्ल्स पार्सन्स यांनी तो विकत घेऊन न्यूकॅसलला नेला. ग्रब-पार्सन्स हे नाव १९८५ पर्यंत टिकले. १६ सप्टेंबर १९३१ रोजी ग्रब यांचे निधन झाले.

मेलबर्नची ती दुर्बीण पुढे कॅनबेराजवळच्या माउंट स्ट्रॉम्लो वेधशाळेत गेली. नवा आरसा आणि नवी उपकरणे लाभून विसाव्या शतकाच्या अखेरीस ती पुन्हा कामाला लागली. जानेवारी २००३ मधील वणव्यात ती जळाली. टॉमस आणि हॉवर्ड यांनी घडवलेले तिचे अवजड लोखंडी भाग त्यातून वाचले आणि २००८ मध्ये ते दुरुस्तीसाठी मेलबर्नला परत नेण्यात आले.