पितळेवरचा डाग

जोसेफ प्रीस्टली हे नाव शाळेत बहुधा एकदाच भेटते, ते प्राणवायूच्या धड्यात. फार तर सोडावॉटरच्या निमित्ताने पुन्हा एकदा. पण भोसरी-चाकणच्या एखाद्या टूलरूममध्ये ‘स्पार्क’ मशीनसमोर उभे राहून डाय कोरायला शिकणाऱ्या पोराच्या धंद्याची सुरुवातही याच इंग्रज धर्मोपदेशकापर्यंत मागे नेता येते, हे त्या पोराला सहसा कोणी सांगत नाही.

त्या मशीनचे काम पाहिले की पहिल्यांदा विश्वास बसत नाही. रॉकेलसारख्या पातळ तेलात पोलादाचा ठोकळा बुडवलेला असतो. तो आधीच हार्डनिंग करून इतका कडक केलेला असतो की साधे हत्यार त्यावर बोथट व्हावे. वरून तांब्याचा किंवा ग्राफाइटचा इलेक्ट्रोड हळूहळू खाली येतो. तो पोलादाला टेकत नाही. दोघांमध्ये केसाएवढी फट राहते आणि त्या फटीत सेकंदाला हजारो ठिणग्या पडतात. काही तासांनी मऊ तांब्याचा आकार कडक पोलादात उतरलेला असतो. बाटलीच्या झाकणापासून डिस्पोजेबल सिरिंजपर्यंत प्लास्टिकच्या अनेक वस्तूंचे साचे घडवताना कुठे ना कुठे ही ठिणगी वापरली जाते.

प्रीस्टली यांचा जन्म 1733 चा, यॉर्कशायरमध्ये लीड्सजवळच्या बर्स्टल गावचा. वडील लोकरी कापडाला अखेरचा हात फिरवणारे कारागीर. आई लहानपणीच गेली आणि मुलाला आत्याने वाढवले. घराणे चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या पंथाचे. म्हणजे ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची दारे बंद. अशा मुलांसाठी त्या पंथांनी स्वतःच्या अकादमी काढल्या होत्या. त्यांपैकी डेव्हेंट्रीच्या अकादमीत ते शिकले. बोलताना अडखळत, आणि ते अडखळणे आयुष्यभर सुटले नाही. धर्मोपदेशकाला याहून मोठी अडचण कोणती? पहिल्या नेमणुकीच्या गावी जम बसला नाही. पुढे नँटविचला त्यांनी शाळा काढली. तुटपुंज्या मिळकतीतून पैसे बाजूला टाकून मुलांसाठी दोन वस्तू आणल्या : हवा उपसण्याचा पंप आणि घर्षणाने वीज तयार करणारे यंत्र. ही यंत्रे कपाटात ठेवायची नव्हती. मोठी मुले ती स्वतः चालवत आणि पालकांना प्रयोग करून दाखवत.

1761 मध्ये ते वॉरिंग्टनच्या अकादमीत भाषांचे शिक्षक झाले. पुढच्या वर्षी मेरी विल्किन्सन यांच्याशी लग्न झाले. मेरी लोखंडाच्या कारखानदारांच्या घरातल्या. त्यांचे भाऊ जॉन विल्किन्सन यांनी 1774 मध्ये तोफा कोरण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि पुढे त्यांच्याच कारखान्यात जेम्स वॉट यांच्या वाफेच्या इंजिनाचे सिलिंडर अचूक कोरले गेले. यंत्रे बनवणाऱ्या यंत्रांचा इतिहास लिहिताना विल्किन्सन यांना वगळता येत नाही. त्यांचा मार्ग मात्र जुनाच होता : हत्यार जॉबपेक्षा कडक हवे, म्हणजे ते धातू कापेल. दुसरा मार्ग त्यांच्या मेहुण्याच्या प्रयोगांत दिसू लागला होता, पण तो मार्ग आहे हे दोघांपैकी कोणाच्याच ध्यानात आले नाही.

विजेवर पुस्तक लिहायचे प्रीस्टली यांनी ठरवले तेव्हा ते त्या विषयातले जाणकार नव्हते. लंडनला जाऊन ते बेंजामिन फ्रँकलिन, जॉन कँटन, विल्यम वॉटसन अशा मंडळींना भेटले. त्यांनी पुस्तके दिली, मसुदे वाचून दिले. इतरांचे प्रयोग नुसते वाचून उतरवायचे, तर कोणाचे खरे मानायचे हा प्रश्न येई. मग प्रीस्टली यांनी वाद असलेले प्रयोग स्वतःच करून पाहायला सुरुवात केली. इतिहास लिहिता लिहिता ते संशोधक झाले ते असे. 1766 मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले, आणि 1767 मध्ये सातशेहून अधिक पानांचे पुस्तक बाहेर आले. त्यात त्यांनी फसलेले प्रयोगही लिहिले. कोळशातून वीज वाहते, हा शोधही त्यातलाच. ग्राफाइट हे कार्बनचेच रूप आणि आज तेच इलेक्ट्रोड म्हणून वापरतात, हा योगायोग सुखद आहे.

पण इथे महत्त्वाची नोंद वेगळी आहे. 1766 मध्ये लेडन जारांची मोठी बॅटरी भरून ते पितळेच्या गुळगुळीत गोळ्यातून ती रिकामी करत होते. असे करताना मोठा आवाज होतो, लखकन उजेड पडतो आणि प्रयोग संपतो. विजेचे खेळ करणारे कितीतरी लोक तेव्हा युरोपभर होते. तमाशा झाला की ते यंत्र झाकून ठेवत. प्रीस्टली यांनी गोळा हातात घेऊन पाहिला. त्यावर एक गोल डाग होता. मधला भाग वरवर वितळल्यासारखा, आणि त्याच्याभोवती बारीक ठिपक्यांचे कडे.

त्यांनी ठिणगी पुन्हा पाडली. वेगवेगळ्या धातूंवर पाडली, आणि प्रत्येक वेळी ठिणगीच्या उजेडापेक्षा तिने मागे ठेवलेल्या खुणेकडे अधिक लक्ष दिले. चकचकीत पत्र्यासमोर सुईसारखे टोक धरून एकाच जागी वारंवार ठिणग्या पाडल्या, तेव्हा डागाभोवती इंद्रधनुष्यी रंगांची वलये उमटली. 1768 मध्ये त्यांनी त्यावर रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात निबंध लिहिला. ‘प्रीस्टलीची वलये’ म्हणून ती आजही ओळखली जातात. रंग दिसतात ते पृष्ठभागावर बसलेल्या अतिपातळ थरामुळे. मधला डाग हा मात्र खड्डा असतो, ठिणगीने खाल्लेल्या धातूचा.

त्याच वर्षी त्यांनी नवशिक्यांसाठी विजेवर छोटे पुस्तक काढले. मोठे पुस्तक वाचून लोक यंत्रे कुठे मिळतील असे विचारू लागले होते. मिळणारी यंत्रे महाग किंवा कुचकामी. तेव्हा धाकटे बंधू टिमथी यांना हाताशी धरून त्यांनी यंत्रे बनवून विकायचाही उद्योग केला. तो फारसा चालला नाही.

तो खड्डा पुढे पावणेदोनशे वर्षे निरुपयोगीच राहिला. निरुपयोगी म्हणण्यापेक्षा उपद्रवी म्हणावा, कारण विजेची उपकरणे आली तशी स्विचचे आणि इंजिनातले संपर्कबिंदू ठिणगीने झिजून खराब होऊ लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मॉस्कोत बोरिस आणि नतालिया लाझारेन्को हे शास्त्रज्ञ दांपत्य याच दुखण्यावर काम करत होते. टंगस्टनचे संपर्कबिंदू झिजू नयेत, हे त्यांच्यापुढचे काम. ते तेलात बुडवून पाहिले, तर झीज थांबली नाही, उलट ती अधिक नेमकी, हवेतल्यापेक्षा जास्त नियमित होऊ लागली. 1943 मध्ये त्यांनी प्रश्नच उलटा केला. झीज थांबत नसेल तर ती हवी तिथे आणि हवी तेवढी घडवायची. साध्या रोधक-धारक मंडलावर चालणारे त्यांचे यंत्र हा आजच्या ईडीएम मशीनचा पूर्वज.

काय घडते ते समजायला सोपे आहे. इलेक्ट्रोड आणि जॉब यांच्यामधले तेल वीज अडवून धरते. फट पुरेशी कमी झाली की सर्वांत जवळच्या दोन बिंदूंमध्ये तेलाचा अडथळा तुटतो आणि ठिणगी पडते. त्या सूक्ष्म जागी तापमान आठ ते बारा हजार अंश सेल्सिअसपर्यंत जाते. धातूचा कण वितळतो, काही भाग वाफ होतो. वीज लगेच बंद केली जाते, तेल आत घुसते, कण गार होऊन वाहून जातो. मागे उरतो एक चिमुकला खड्डा. आता पुढची ठिणगी दुसऱ्या सर्वांत जवळच्या बिंदूवर. असे लाखो खड्डे एकमेकांवर चढले की आकार तयार होतो. इथे धातूचा कडकपणा विचारात येतच नाही. धातूतून वीज वाहिली पाहिजे, एवढीच अट.

शिकणे कठीण आहे ते बाकीच्या बाबतीत. ठिणगी बाजूलाही पडते, म्हणून पोकळी इलेक्ट्रोडपेक्षा किंचित मोठी निघते. हा ओव्हरकट धरून इलेक्ट्रोड आधीच बारीक करावा लागतो. इलेक्ट्रोड स्वतःही झिजतो, कोपऱ्यांवर जास्त. म्हणून एक इलेक्ट्रोड ढोबळ कामाला आणि दुसरा फिनिशिंगला. करंट वाढवला की काम भराभर होते, पण खड्डे मोठे पडतात आणि नंतर पॉलिश करणाऱ्याचे हाल होतात. ठिणगी किती वेळ चालू आणि किती वेळ बंद, हे गणित तक्त्यात मिळते. फ्लशिंग नीट झाले नाही तर मात्र तक्ता उपयोगी पडत नाही. कण फटीत अडकतात, ठिणग्या एकाच जागी पडू लागतात, आणि त्या जागी जॉब काळा पडून जळतो. महिनाभर घडवलेला डाय दोन मिनिटांत बाद होऊ शकतो. जाणता कारागीर आवाजावरून ते ओळखतो : एकसारखी तडतड थांबून आवाज बसला की त्याचा हात बटणाकडे जातो. नवशिक्याला हा कान यायला वेळ लागतो. पृष्ठभागावर वितळून पुन्हा गोठलेला पातळ, ठिसूळ थर उरतो, त्यात सूक्ष्म भेगा असू शकतात. डोळ्यांना न दिसणारा हा थर काढायचा की नाही, हे काम कुठले आहे त्यावर ठरते. शरीरात बसवायच्या भागांच्या बाबतीत त्याकडे काणाडोळा करून चालत नाही.

तेलातल्या ठिणगीचा आणखी एक परिणाम प्रीस्टली यांनीच पाहिला होता. वायूंवर काम करताना त्यांनी तेल, ईथर अशा द्रवांतही ठिणग्या पाडल्या आणि त्यांतून ज्वलनशील हवा निघते हे नोंदवले. ईडीएमच्या टाकीत वर येणारे बुडबुडे त्याच जातीचे. म्हणूनच ठिणगीची जागा तेलाच्या पातळीखाली पुरेशी खोल असावी लागते. पातळी उतरली आणि ठिणगी हवेत आली तर आग लागते. धूर बाहेर ओढणारा पंखा, तेलात सतत हात घालणाऱ्यांना होणारा त्वचेचा दाह, हातमोजे, जवळ ठेवलेले अग्निशामक, या गोष्टी खरे तर पहिल्या दिवशी शिकवायच्या. पुष्कळ ठिकाणी त्या अपघातानंतर शिकवल्या जातात.

1767 मध्ये प्रीस्टली लीड्सला आले. शेजारी दारूची भट्टी होती. आंबणाऱ्या पिंपांवर साठलेला वायू त्यांनी पाण्यात मिसळला आणि सोडावॉटर तयार झाले. 1772 मध्ये त्याची कृती छापली. जहाजांवरच्या खलाशांना होणारा स्कर्व्ही या पाण्याने बरा होईल, अशी त्यांना आशा होती. ती खोटी ठरली, कारण तो रोग क जीवनसत्त्वाच्या अभावाचा. रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मात्र मिळाले. 1 ऑगस्ट 1774 रोजी लॉर्ड शेल्बर्न यांच्या वाड्यात त्यांनी मोठ्या भिंगाने सूर्यकिरण पाऱ्याच्या लाल भस्मावर एकवटले आणि निघालेल्या हवेत मेणबत्ती भडकून जळली. उंदीर त्या हवेत अपेक्षेपेक्षा दुप्पट वेळ टिकला. मग त्यांनी ती स्वतः हुंगून पाहिली. स्वीडनच्या शील यांना हा वायू आधीच मिळाला होता, आणि त्याचे खरे स्वरूप पॅरिसमध्ये लाव्हॉझिए यांनी सांगितले. प्रीस्टली यांना ते कधीच पटले नाही. जळताना वस्तूतून ‘फ्लॉजिस्टन’ नावाचे द्रव्य निघून जाते, हे जुने मत त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही. निरीक्षण इतके स्वच्छ आणि अर्थ लावताना इतका हट्ट, हे कोडे त्यांच्या चरित्रकारांना अजून सुटलेले नाही.

हट्ट राजकारणातही होता. फ्रेंच क्रांतीला त्यांचा उघड पाठिंबा होता. बर्मिंगहॅममध्ये 14 जुलै 1791 रोजी क्रांतीच्या वर्धापनदिनाचे जेवण ठरले. प्रीस्टली तिथे गेलेही नव्हते, तरी जमाव त्यांच्या घरावर चालून गेला. पती-पत्नी वेळेवर निसटले. मुलाने घरातले सगळे विस्तव आधीच विझवून ठेवले होते. आग कशी लावायची हे जमावाला कळेना. ग्रंथालयात विजेचे मोठे यंत्र उभे होते. त्यातून ठिणगी काढायची त्यांनी पुष्कळ खटपट केली, पण ती काही निघाली नाही. शेवटी विस्तव दुसरीकडून आला. घर, प्रयोगशाळा, पुस्तके आणि हस्तलिखिते गेली.

1794 मध्ये ते अमेरिकेला गेले आणि पेनसिल्व्हेनियातील नॉर्थम्बरलँड या लहानशा गावी राहिले. पुढच्या वर्षी मुलगा हेन्री गेला, त्याच्या पुढच्या वर्षी मेरी. त्यांनी तिथेही प्रयोगशाळा उभारली. 6 फेब्रुवारी 1804 च्या सकाळी अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी आपल्या लेखनातल्या दुरुस्त्या सांगितल्या, लिहून घेतलेले पुन्हा वाचून घेतले, एका जागी चूक दाखवली. ती सुधारून झाल्यावर थोड्याच वेळात त्यांचे प्राण गेले.