तीन आण्यांचा हिशेब

१५ जानेवारी १९३४. दुपारचे सव्वादोन वाजण्याच्या सुमारास उत्तर बिहार आणि नेपाळची भूमी हादरली. मुंगेर, मुजफ्फरपूर, दरभंगा, मोतीहारी ही गावे काही मिनिटांत ढिगाऱ्यात रूपांतरित झाली. बिहार व नेपाळ मिळून दहा हजारांहून अधिक माणसे दगावली. जमिनीला भेगा पडून आतून वाळू आणि पाणी उसळले, विहिरी वाळूने बुजल्या आणि उभ्या शेतांवर वाळूचे थर साचले. साखर कारखाने कोसळल्याने शेतातला ऊस गाळायचा कोठे, हा प्रश्न उभा राहिला. त्यावेळी कैदेत असलेल्या राजेंद्रप्रसादांची सरकारने दोन दिवसांत सुटका केली आणि त्यांच्या नेतृत्वाखाली बिहार मध्यवर्ती मदत समिती स्थापन झाली. देशभरातून पैसा, धान्य, कपडे यांचा ओघ सुरू झाला. युरोपातून पिएर सेरेसोल यांच्यासारखे शांततावादीही खेडी पुन्हा उभारण्यासाठी पुढे बिहारमध्ये आले.

पैसा आला की त्याच्या पाठोपाठ संशयही येतो. काँग्रेसच्या मंडळींनी जमविलेल्या निधीत एका रुपयाचाही घोळ सापडला असता, तर परक्या सरकारला ते हवेच होते. शिवाय काम करणारे होते ते सत्याग्रही. तुरुंगात जाण्याची त्यांची तयारी होती. पण पावत्या सांभाळण्याची सवय फारच थोड्यांना होती. अशा वेळी समितीच्या आर्थिक सल्लागाराची आणि हिशेब तपासणीची जबाबदारी ज्यांच्याकडे सोपविण्यात आली, ते गृहस्थ पुढे जवळजवळ दोन दशके वर्ध्याचे रहिवासी झाले. त्यांचे नाव जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा.

तंजावर येथील एका सुशिक्षित ख्रिस्ती कुटुंबात ४ जानेवारी १८९२ रोजी त्यांचा जन्म झाला. त्यावेळचे नाव जोसेफ कॉर्नेलियस. लंडनला जाऊन ते लेखापाल झाले, काही काळ तेथेच व्यवसाय केला आणि १९१९ मध्ये परतल्यावर मुंबईत स्वतःची हिशेब तपासनीसाची पेढी चालविली. राहणी पूर्ण साहेबी होती. १९२७ मध्ये ते अमेरिकेस गेले. सिरॅक्यूज विद्यापीठाची पदवी घेऊन ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे हिंदुस्थानच्या दारिद्र्याविषयी त्यांनी दिलेल्या एका व्याख्यानाचा वृत्तांत वर्तमानपत्रात आला आणि त्यांचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी त्याच विषयावर प्रबंध लिहिण्यास सुचविले. सरकारी जमाखर्चाची पाने चाळता चाळता या तरुण लेखापालाला जे दिसले, त्याने त्याचे आयुष्यच बदलून गेले. कर भरणारा शेतकरी. खर्च मात्र सैन्यावर, कर्जाच्या व्याजावर आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या वेतनावर. ज्याच्याकडून पैसा घेतला जातो, त्याच्यापर्यंत त्यातले किती परत पोहोचते, हा साधा प्रश्न त्यांनी विचारला आणि पुढे तीस वर्षे ते तोच प्रश्न विचारीत राहिले. १९२९ मध्ये मायदेशी परतल्यावर त्यांनी कुमारप्पा हे घराण्याचे जुने नाव स्वीकारले.

हा प्रबंध छापून मिळावा म्हणून ते त्याच वर्षी मे महिन्यात साबरमतीला गेले आणि गांधीजींचे होऊन राहिले. प्रबंध 'यंग इंडिया'तून क्रमशः प्रसिद्ध झाला. गांधीजींनी त्यांना पहिले काम दिले ते गुजरातेतील खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याच्या आर्थिक पाहणीचे. गुजरात विद्यापीठाची धुरा त्यावेळी काकासाहेब कालेलकरांकडे होती. गुजराती न येणारा, साहेबी पेहरावातला हा माणूस खेड्यात जाऊन काय पाहणी करणार, अशी शंका काकासाहेबांना आली तर त्यात नवल नव्हते. कुमारप्पांनी मात्र विद्यार्थ्यांना हाताशी धरून ५४ खेडी पालथी घातली. कुटुंबाचे उत्पन्न, खर्च, कर्ज, गुरेढोरे, जमिनीचा कस, साऱ्याचा बोजा असे सारे काही नोंदविले. कोणाच्या मनात आधीच ठरलेल्या मतासाठी आकडे जमवायचे नाहीत, हा त्यांचा दंडक होता. त्या काळच्या राजकीय लिखाणात ही गोष्ट दुर्मीळच म्हणावी लागेल. मीठाच्या सत्याग्रहाच्या धामधुमीत गांधीजींच्या अटकेनंतर 'यंग इंडिया'चे संपादनही त्यांच्याकडे आले आणि मग तुरुंगवास ओघानेच आला.

तुरुंगवास संपल्यावर आले ते बिहारचे काम. येथे कुमारप्पांतील लेखापाल आणि कुमारप्पांतील सत्याग्रही पुरते एक झाले. मदतीचे काम म्हणजे नुसते वाटप नव्हे. विहीर उपसल्याची नोंद आहे, पण पाणी लागले का? शेतातली वाळू काढण्याचे पैसे दिले, पण ती निघाली का? ऊस गाळण्यासाठी जे चरक पुरविले, ते चालतात का? जिल्ह्याजिल्ह्यांत पसरलेल्या केंद्रांतून आलेला प्रत्येक खर्च पाटण्याच्या कार्यालयात तपासला गेला पाहिजे, पावतीवाचून पैसा नाही आणि मंजुरीवाचून खर्च नाही, अशी शिस्त त्यांनी घातली. भूकंपपीडितांसाठी आलेला पैसा कार्यकर्त्यांवर कमीत कमी खर्च व्हावा म्हणून स्वयंसेवकाला भोजनासाठी रोजचे तीन आणे ठरले. तीन आण्यांत पोटभर जेवण जेमतेमच होई. त्यामुळे कुरकुर झाली असणारच. परंतु नियम सर्वांना सारखा होता.

आणि मग गांधीजी आले. मार्च १९३४ मध्ये त्यांनी बिहारचा दौरा सुरू केला. सोबत महादेवभाई देसाई आणि इतर मंडळी होती. गांधीजींचे बकरीचे दूध, फळे, सुका मेवा आणि मंडळींचा मोटारीचा खर्च हे सारे तीन आण्यांत बसणे शक्यच नव्हते. कुमारप्पांनी महादेवभाईंना स्पष्टपणे कळविले की, गांधीजी आणि त्यांच्या सोबतच्या मंडळींचा खर्च मदत निधीतून देता येणार नाही. त्याची सोय अन्यत्र करावी. महादेवभाई चकित झाले. गोष्ट गांधीजींच्या कानी गेली आणि त्यांनी कुमारप्पांना बोलावून घेतले. कुमारप्पांनी आपले म्हणणे मांडले. हा पैसा ढिगाऱ्याखाली सापडलेल्यांसाठी दिला गेला आहे; एका व्यक्तीसाठी नियम सैल केला, तर दुसऱ्या दिवशी प्रत्येक केंद्रावर तो सैल होईल. गांधीजींना ते पटले आणि निधीला त्यांच्या दौऱ्याची झळ लागू दिली गेली नाही.

दुसरीही एक आठवण चरित्रकार सांगतात. हिशेब पूर्ण करण्याच्या गडबडीत कुमारप्पा असताना गांधीजी त्यांना भेटण्यास आले. वेळ आधी ठरलेली नव्हती. कुमारप्पांनी निरोप पाठविला की हातातले काम संपल्याखेरीज भेटता येणार नाही. आणि गांधीजी थांबले. देशातील संस्थाने ज्यांच्या भेटीसाठी तिष्ठत, त्यांना ताळेबंदासाठी तिष्ठत ठेवणारा हा बहुधा एकमेव लेखापाल असावा. यातला गंमतीचा भाग सोडून दिला, तरी एक गोष्ट उरते. भूकंप हा अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे, या गांधीजींच्या विधानावरून त्याच सुमारास रवींद्रनाथ ठाकुरांशी त्यांचा वाद झडला होता. भूकंपाचे कारण काय, यावर देश चर्चा करीत असताना भूकंपाच्या पैशाचे काय झाले, हे पाहणारा एक माणूस पाटण्याच्या कार्यालयात कागदांत डोके खुपसून बसला होता. चर्चा विसरली गेली. हिशेब मात्र राहिला.

याच बिहारमधील कसोटीने गांधीजींच्या मनात कुमारप्पांची जागा पक्की केली. १९३४ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात ग्रामोद्योगांसाठी स्वतंत्र संस्था स्थापण्याचा ठराव झाला आणि डिसेंबरमध्ये वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ अस्तित्वात आला. त्याचे अध्यक्षपद श्रीकृष्णदास जाजूंकडे आणि चिटणीसपद कुमारप्पांकडे आले. जमनालाल बजाज यांनी आपली बाग संघाला दिली; मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ तिचे नाव मगनवाडी पडले. तेलघाणी, हातकागद, मधमाशापालन, ताडगूळ, साबण, चूल आणि दिवा यांवर तेथे प्रयोग चालत. कुमारप्पांची चिकित्सा येथेही सुटली नाही. यंत्राने सडलेल्या तांदळापेक्षा हातसडीचा तांदूळ पौष्टिक, एवढे म्हणून ते थांबत नसत. कुटुंबाच्या पदरात किती पडते, किती तास काम मिळते, तेलाचा उतारा किती, हे मोजल्याशिवाय कोणतीही वस्तू गावात न्यायची नाही, असा त्यांचा आग्रह असे. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. वर्ध्यात ते आजही उभे आहे.

वर्धा जिल्हा हे या पाहणीसाठी जणू उघडे पुस्तकच होते. कापसाचा मुलूख. हिंगणघाट आणि पुलगावला कापडाच्या गिरण्या. आर्वीहून आष्टीकडे जाताना लागणारे, नागपूर-अमरावती रस्त्यावरचे तळेगाव (श्यामजी पंत) घ्या किंवा सेलू-देवळीकडील कोणतेही खेडे घ्या. शेतकरी कापूस पिकवून विकायचा आणि अंगावरचे कापड, दिव्याचे तेल, घरातले सामान विकत आणायचा. पैसा गावात येतो तो थांबत का नाही, याचे उत्तर अशा गावांच्या जमाखर्चातच दडले आहे, असे कुमारप्पा मानीत. मध्यप्रांत व वऱ्हाडात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर प्रांताच्या औद्योगिक पाहणी समितीचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले. समितीने सहाशेहून अधिक खेड्यांची पाहणी केली आणि १९३९ पासून तिचे अहवाल प्रसिद्ध झाले. राजधानीत बसून योजना आखण्याऐवजी आधी गाव पाहावे आणि मग योजनेचे फळ गावातच जाऊन मोजावे, हा त्यामागील विचार होता. मंत्रिमंडळे गेली, महायुद्ध आले आणि अहवाल कपाटात राहिले. जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय नियोजन समितीवरही त्यांना घेण्यात आले होते. परंतु मोठ्या कारखान्यांकडे तिचा कल पाहून ते काही महिन्यांतच बाहेर पडले.

बेचाळीसच्या आंदोलनाने त्यांना पुन्हा तुरुंगात नेले. जबलपूरच्या कारागृहात त्यांनी दोन ग्रंथ लिहिले: एक चिरंतन अर्थव्यवस्थेवर, दुसरा येशूच्या शिकवणीवर. गांधीजींनी दोन्हींचे कौतुक करून आपल्या वतीने त्यांना ग्रामोद्योगांचे आणि धर्मशास्त्राचे 'डॉक्टर' करून टाकले. कोलंबियाच्या पदवीपेक्षा ही पदवी त्यांना अधिक मोलाची वाटली असेल, यात शंका नाही.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसने नेमलेल्या कृषी सुधारणा समितीचे ते अध्यक्ष झाले. मध्यस्थांचे उच्चाटन, कसणाऱ्याला जमीन आणि धारणेवर मर्यादा अशा शिफारशी करणारा तिचा अहवाल १९४९ मध्ये आला. त्यातले काही कायद्यांत उतरले, बरेचसे उतरले नाही. नव्या राज्यकर्त्यांशी त्यांचे सूर जुळले नाहीत. स्वभाव तापट, भाषा परखड. खर्च कोणासाठी आणि कोणाच्या पैशातून, हा त्यांचा जुनाच प्रश्न आता स्वकीय मंत्र्यांना टोचू लागला. त्यांच्या सर्वच निष्कर्षांशी सहमत होणे कठीण आहे. मोठ्या उद्योगांविषयीची त्यांची भूमिका काही वेळा एकांगी होती, हेही मान्य करावे लागेल. पण ते जे म्हणत, त्याआधी त्यांनी मोजलेले असे.

१९५१ च्या सुमारास त्यांनी वर्धा जिल्ह्यातच सेलडोह येथे पन्नई आश्रम काढला आणि शेतीवर आधारलेल्या स्वयंपूर्ण गावाचा प्रयोग सुरू केला. प्रकृतीने साथ दिली नाही. रक्तदाब बळावला आणि ते दक्षिणेत मदुराईजवळच्या कल्लुपट्टी येथील गांधी निकेतन आश्रमात जाऊन राहिले. त्यांनी विवाह केला नव्हता. मगनवाडीत खांद्याला खांदा लावून काम केलेले बंधू भारतन् १९५७ मध्ये निवर्तले. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीच्याच दिवशी, मद्रासमध्ये कुमारप्पांचे निधन झाले.