फादर थॉमस स्टीफन्स व मराठींतील ख्रिस्तजन्मकथा

नाताळ जवळ आला कीं आपण दारीं चांदणी लावतों, घरांत गोठा मांडतों व गव्हाणींत गवत पसरतों. त्या गोठ्यापुढें ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओवींत गावी, हें देणें आपणांस एका परदेशी धर्मगुरूनें दिलें.

फादर थॉमस स्टीफन्स जन्मानें इंग्रज. सुमारें १५४९ सालीं विल्टशायर परगण्यांत ते जन्मले. त्या काळीं इंग्लंडांत कॅथलिकांचा छळ होत असे. मायदेश सोडून ते रोमला गेले व १५७५ सालीं येशूसंघांत दाखल झाले. १५७९ च्या एप्रिलांत लिस्बन सोडून ऑक्टोबरांत ते गोव्यास पोहोंचले. पुढें सुमारें चाळीस वर्षें, बहुतेक साष्टी प्रांतांत, त्यांनीं सेवा केली.

तेथील नवख्रिस्ती लोकांचीं जुनीं पुराणें सुटलीं होतीं. त्यांच्या जागीं गावयास कांहीं नव्हतें. ही उणीव ओळखून फादरांनीं सुमारें अकरा हजार ओव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ रचलें. तें १६१६ सालीं राशोल येथें छापून निघालें. त्याच्या दुसऱ्या भागांत प्रभूच्या जन्माची कथा आहे. १६१९ सालीं फादर निवर्तले.

१६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें देशी भाषेविरुद्ध हुकूम काढला. पुढें छापील प्रतीही नाहींशा झाल्या. परंतु भाविकांनीं हस्तलिखितें जपलीं. त्यांवरून १९०७ सालीं मंगळुरास रोमन लिपींत तें पुन्हा छापलें गेलें, व १९५६ सालीं आपल्या पुण्यास देवनागरींत प्रसिद्ध झालें.

हिंजवडीच्या घरोघरीं यंदाही दिवे लागतील. त्या उजेडांत मुलांस जवळ बसवून या पुराणांतील चार ओव्या अवश्य म्हणाव्या. आरास उतरते, कानीं पडलेली ओवी जन्मभर राहते. प्रभु आपणां सर्वांचें कल्याण करो.